हिरव्या पटाचं घराणं

मिरजेच्या अनुवंश संस्थेतल्या जनुकवाचकाला माणसाचं तोंड बघून बोलायची सवय नव्हती. सकाळी साडेदहाला त्याच्या पडद्यावर अभिनंदन चौगुले नावाच्या तरुणाचा वारसापट उमटला, तो वरपासून खालपर्यंत लालभडक. पडद्यासमोर बसलेले डॉ. धनपाल आरवाडे हे या यंत्राचे जनक. आणि अभिनंदन हा त्यांच्या एकुलत्या एका मुलीनं, चारुतानं, स्वतः पसंत केलेला मुलगा. यंत्राला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी त्यानं भीड ठेवली नसती.

बारा वर्षांपूर्वी वारसापट निघाला आणि लोकांनी पत्रिका बासनात बांधून ठेवल्या. थेंबभर लाळ आणि चार पिढ्यांच्या दवाखान्यातल्या नोंदी दिल्या, की पट तयार. हिरवा असला की पुढची बोलणी, पिवळा असला की विचार करून कळवतो, लाल असला की नमस्कार. मंगळाची निदान शांत तरी करता येत असे. लाल पटाची शांत कुठेच होत नव्हती.

आरवाड्यांचा स्वतःचा पट मात्र चारही पिढ्या हिरवागार होता. इतका, की संस्थेच्या माहितीपुस्तिकेत तोच नमुना म्हणून छापला होता. धनपालांचे वडील एकसष्टाव्या वर्षी मंदिरातून घरी आले, खुर्चीत टेकले आणि गेले. आयुष्यात कधी दवाखान्याची पायरी चढले नाहीत. "पुण्यवान माणूस," आई सांगायची, "कुणाला एक दिवस करायला लावलं नाही." धनपालही वडिलांवर गेले होते. हल्ली जिना चढताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी येई. चष्म्याचा नंबर वाढला असणार, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

"काय निघालं, सर?" डॉ. शाहीन मुजावर आत येत म्हणाल्या. त्या संस्थेच्या संख्याशास्त्रज्ञ. सरांशी स्पष्ट बोलणारं संस्थेत तेवढं एकच माणूस.

"रक्तातल्या चरबीचा दोष. पणजोबा, आजोबा, चुलत आजोबा, काका, वडील. एकही सुटला नाही."

"मग रविवारी नांदणीला जाणार ना, त्यांच्याकडे?"

"जाणार. समोरासमोर नकार देणार. फोनवर बरं दिसत नाही."

शाहीन पडद्याकडे बघत राहिल्या. "सर, एक विचारू? आपला वाचक जनुकांतली अक्षरं वाचतो. पण अक्षर वाचलं म्हणजे अर्थ कळला असं नाही. प्रत्येक माणसात हजारो वेगळी अक्षरं असतात, बहुतेक निरुपद्रवी. त्यातलं घातक कोणतं, हे ठरवायचं कसं?"

"कुटुंबाच्या इतिहासावरून. ज्यांच्यात ते अक्षर आहे त्यांना आजार झाला का, ते बघायचं. हे मीच तुम्हाला शिकवलंय."

"आणि नोंदच नसेल तर?"

"तर शून्य धरायचं. आजार असता तर नोंद झाली असती."

"तो नियम कोणी घातला?"

"मी घातला. कुठेतरी सुरुवात करायला हवी होती." धनपालांच्या आवाजाला धार आली. "तुम्हाला म्हणायचंय काय?"

"अजून काही नाही. मला दोन दिवस द्या. आजारांऐवजी वयं मोजून बघते."

संध्याकाळी घरी चारुतानं पट पाहिला आणि कपाटात ठेवून दिला. ती रडली नाही, याचंच धनपालांना जास्त लागलं. "बाबा, तुम्ही लोकांना जे सांगता तेच मला सांगणार, हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "पण एकदा त्यांच्या घरी या. माणसं बघा. मग जे सांगायचं ते तुम्हीच त्यांना सांगा."

त्या रात्री धनपाल उशिरापर्यंत जागे होते. मुलीचं मन मोडायचं होतं, आणि तिच्याच भल्यासाठी मोडायचं होतं. पस्तिशीत विधवा झालेली चारुता त्यांना डोळ्यांसमोर दिसत होती. बाप म्हणून त्यांचं काही चुकत होतं, असं कोण म्हणेल?

रविवारी दुपारी आरवाडे नांदणीला पोचले. चौगुल्यांच्या घरात माणसं भरपूर आणि म्हातारी त्याहून भरपूर. पण घर चालवत होत्या त्रिशलाआत्या, अभिनंदनच्या वडिलांची थोरली बहीण. गावच्या दूध संकलन केंद्रावर त्यांनी तीस वर्षं दुधाची फॅट तपासली होती. कोण दुधात पाणी घालतो हे त्या किटलीच्या आवाजावरून ओळखत, असं गाव म्हणे.

जैनांचं घर, तेव्हा सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची. साडेपाचला पाटपाणी मांडलं, पण पानं वाढली जाईनात. आत्या हातात नाडीपट्टी घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. एकेक माणूस पुढे येई, मनगट देई. पट्टी ठोके आणि रक्तातली चरबी सांगे. आत्या वहीत लिहीत आणि मगच आत सोडत. सत्तरीचे काकासुद्धा शाळेतल्या पोरासारखे रांगेत उभे होते.

"ही काय पद्धत?" धनपालांनी अभिनंदनला विचारलं.

"पणजोबा चव्वेचाळिसाव्या वर्षी जेवता जेवता गेले," तो हसून म्हणाला. "तेव्हापासून आमच्याकडे नाडी बघितल्याशिवाय पान वाढत नाहीत. आधी वैद्य यायचे, आता आत्या आहे. पाहुण्यांचीसुद्धा सुटका नाही."

धनपालांनी घसा साफ केला. हीच वेळ होती. या घरचं अन्न खाऊन नकार देणं त्यांच्या मनाला पटेना. "आत्याबाई," ते पुढे होऊन म्हणाले, "जेवणाआधी मला एक बोलायचं आहे."

"बोला की. आधी हात पुढं करा, मग बोला."

"माझं काही नाही. आमच्या घराण्यात कुणालाच—"

"हात, डॉक्टर. दिवस मावळायला आलाय."

त्यांनी वाद टाळायला हात पुढे केला. आत्यांनी पट्टी गुंडाळली. आकडा बघितला. पट्टी काढून झटकली, पुन्हा गुंडाळली. मग पट्टी बाजूला ठेवून आपली तीन बोटं त्यांच्या मनगटावर टेकवली आणि डोळे मिटले.

"अभी, गाडी काढ," आत्या म्हणाल्या. "पाव्हण्यांची नाडी छत्तीस हाय. आन् मधेमधे ठोका गळतोय."

"अहो, पण मला बोलायचं होतं—"

"दवाखान्यात बोला."

गाडीत धनपाल दोनदा बेशुद्ध झाले. मिरजेला पोचल्यावर डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला आणि विचारलं, इतके दिवस हा माणूस चालत कसा होता? हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघालेला इशारा खालच्या कप्प्यापर्यंत पोचत नव्हता. रातोरात छातीत ठोकेयंत्र बसवलं. आणखी आठवडाभर असंच गेलं असतं, तर तेही खुर्चीत टेकले असते, आणि त्यांच्या पत्नी कुसुमताईंनी लोकांना सांगितलं असतं की पुण्यवान माणूस, कुणाला करायला लावलं नाही.

तिसऱ्या दिवशी शाहीन आल्या. त्यांच्या हातात एकच कागद होता.

"वयं मोजली," त्या म्हणाल्या. "चौगुल्यांचे पणजोबा चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले. त्यानंतर आजार प्रत्येकाला झाला, पण वेळेवर कळला. आजोबा एक्क्याऐंशी वर्षं जगले, चुलत आजोबा चौऱ्याऐंशी. काका एकाहत्तरचे आहेत, शेतात जातात. हा आपला लाल पट."

दुसरी ओळ कुणाची असणार, हे धनपालांना समजलं होतं.

"तुमचे पणजोबा अठ्ठावन्न. आजोबा त्रेसष्ट. वडील एकसष्ट. तिघांच्याही नोंदीत मृत्यूचं कारण वार्धक्य. सर, एकसष्टाव्या वर्षी कसलं वार्धक्य?"

"आणि मी एकोणसाठ," धनपाल म्हणाले.

"तुमच्या जनुकांत एक विरळ अक्षर आहे. नोंद नाही, म्हणून वाचकानं बारा वर्षं त्याला शून्य दिलं. परवा तुमचा आजार मी नोंदवला, आणि ते एका क्षणात लाल झालं." त्यांनी कागद पुढे केला. "चारुतातही तेच आहे. तिला आज काही नाही, लक्ष ठेवलं तर पुढेही काही होणार नाही. पण पट लाल आहे."

धनपालांनी डोळे मिटले. बारा वर्षांत त्यांच्या यंत्रानं किती सोयरिकी मोडल्या होत्या! त्यांनी आजारी घराणी वेगळी काढलीच नव्हती. त्यांनी दवाखान्यात जाणारी घराणी वेगळी काढली होती. जी तपासत होती ती लाल, जी झाकली मूठ ठेवून होती ती हिरवी, आणि त्यांतलं सर्वांत हिरवं घराणं पुस्तिकेत छापलेलं. त्यांना शरम वाटली, अगदी स्वच्छ शरम.

"नियम बदला," ते म्हणाले. "नोंद नाही तिथं शून्य नको. करडा रंग द्या. माहीत नाही, असं लिहा."

"राज्यातले दोन तृतीयांश हिरवे पट करडे होतील, सर. लोक दारात येऊन बसतील."

"येऊ देत. सगळ्यांना आधी नाडी बघायला सांगू."

दुपारी त्रिशलाआत्या आल्या, सोबत चारुता आणि अभिनंदन. कॉटशेजारच्या स्टुलावर बसून आत्यांनी पिशवीतून वही काढली. रविवारपर्यंत नकार देण्याचा हक्क धनपालांचा होता. आता तो या बाईच्या हातात होता, आणि तिनं तो वापरला असता तर त्यांच्याच शास्त्राप्रमाणे ती बरोबर ठरली असती.

"आत्याबाई, लपवणार नाही," ते म्हणाले. "चारुताचा पट लाल निघालाय. दोष आमच्या घराण्याचा. तुम्हाला नको म्हणायचं असेल तर..."

"निघाला काय? बरं झालं." आत्यांनी सुटकेचा श्वास सोडला. "तुमची ती पुस्तिका बघितली तेव्हापासून मला घोर लागलेला. चार पिढ्यांत कुणाला खोकलासुद्धा न्हाई! डॉक्टर, एखाद्याच्या दुधाला शून्य फॅट आली तर आम्ही दूध चांगलं म्हणत न्हाई. यंत्र बंद पडलंय म्हणतो."

अभिनंदन हसू दाबत खिडकीकडे वळला. चारुतानं दाबलं नाही.

"आम्ही पट बघतोच की," आत्या पुढे म्हणाल्या. "न बघून कसं चालंल? पण कुणाला न्हाई म्हणायला न्हाई बघत. पोरगी घरात आली की तिचं काय बघायचं, ते कळावं म्हणून बघतो." त्यांनी वहीचं नवं पान उघडून वर 'चारुता' असं लिहिलं आणि खाली तारीख टाकली.

धनपालांचे डोळे भरून आले. "मी त्या दिवशी तुमच्याकडे नकार द्यायला आलो होतो," ते कसंबसं म्हणाले.

"ठाऊक होतं. नकार द्यायला आलेला माणूस चपला दाराकडं तोंड करून काढतो. म्हटलं याची छाती धडधडत असंल, बघू तरी किती. तर हिकडं ठोकाच गळतोय!"

आत्यांनी पिशवीतून नाडीपट्टी काढून त्यांच्या मनगटाला गुंडाळली. धनपालांनी हात स्वतःहून पुढे केला होता.

"बहात्तर," आत्या म्हणाल्या आणि तो आकडा वहीत नोंदवला. "आता बोला, व्याही. काय बोलायचं ऱ्हायलं हुतं?"

धनपालांनी खिडकीबाहेर पाहिलं. ऊन अजून चांगलं होतं. "हेच," ते म्हणाले, "की त्या दिवशीचं माझं पान अजून वाढायचं राहिलंय."