उलट्या बाजूचं पहिलं पान

"थांबा! टेम्पो सोडू नका!" पुस्तकांनी भरलेला टेम्पो निघताना पाहून चिंगी ओरडतच ग्रंथालयाच्या फाटकातून आत शिरली. मागोमाग तिची मावसभावंडं, ढोल्या आणि खारूताई, धापा टाकत आली.

सुट्टीचा सगळा विचका मामाने केला होता. सकाळी आजोबांची खोली आवरताना त्याने एक जुनं पुस्तकही ग्रंथालयाला देऊन टाकलं. हिब्रू शिकवणारं ते पुस्तक आजोबांनीच लिहिलेलं! त्याच्या समासांत नव्या आवृत्तीसाठी त्यांनी पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्या होत्या. आता आजोबांची नजर अधू झालेली. ती प्रत गेली, तर नवी आवृत्ती कायमची बुडाली!

"तुमचं पुस्तक आमच्याकडे नाही," ग्रंथपालकाका ठासून म्हणाले. "प्रत्येकाचं पहिलं पान मी स्वतः बघितलंय. ज्यांवर नाव नाही, ती फाटकी समजून रद्दीत घातली."

"आणि रद्दी निघाली लगद्याच्या कारखान्यात," टेम्पोवाला म्हणाला. "व्हा बाजूला!"

मुलांमागून आलेला मामा नुसतं डोकं खाजवत उभा! ढोल्याने मात्र टेम्पोत चढून रद्दीवर बैठक मारली. "आता हलवून दाखवा!"

"अरे, टायर बसेल!" खारूताई खिदळली.

चिंगी हसली नाही. दर सुट्टीत आजोबा तिला अक्षरं शिकवत. तेव्हा पुस्तक कसं उघडत बरं?

"काका!" ती किंचाळली. "हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात. म्हणून पुस्तकही तसंच! आपलं शेवटचं पान, ते त्याचं पहिलं!"

ग्रंथपालकाकांचा चेहरा पडला. मग सगळेच रद्दीत शिरले, टेम्पोवालासुद्धा! एकेक पुस्तक मागून उघडत गेले.

"सापडलं!" खारूताई ओरडली. खाकी कव्हरात, शेवटच्या पानावर आजोबांचं नाव. आणि समासांत त्यांचं मुंगीएवढं अक्षर!

घरी आजोबांनी पानांवरून हळूच बोटं फिरवली. मामाने कान पकडले. "चुकलो, बाबा."

"निम्मी चूक माझी. कुठून उघडायचं, तेच मी लिहिलं नाही." त्यांनी पेन्सिल चिंगीपुढे धरली. "लिही, लोक चुकून उघडतात त्या बाजूच्या पानाच्या समासात. नव्या आवृत्तीत ते सगळ्यात वर छापायचं."

"मी? तुमच्या पुस्तकात?"

"माझ्या शिष्येने नाही लिहायचं, तर कोणी?"

आजोबांच्या अक्षराशेजारी चिंगीने जपून लिहिलं, 'हे पुस्तक मागच्या बाजूने उघडावे.' तिची मान अशी काही ताठ झाली, की ढोल्या म्हणाला, "जपून हं, लचकेल!"