पोटदुखी दोघांची

दवाखान्याच्या बाकावर दोघं शेजारी बसली होती आणि दोघांचाही हात उजव्या बरगडीखाली होता. तो बसचालक, अंगाने काडी. ती पोहायला शिकवणारी, अंगाने भरलेली.

"तुमचंही इथेच?" त्याने विचारलं.

"इथेच. जेवल्यावर जास्त."

"म्हणजे... पोटं तरी जुळली म्हणायची."

तिने दुसरीकडे बघितलं, पण हसू दाबून.

तो आधी आत गेला आणि सोनोग्राफीची चिठ्ठी घेऊन आला. मग ती गेली. डॉक्टरांनी तिला एकदा आपादमस्तक न्याहाळलं. पोटाला हातही लावला नाही.

"वजन उतरवा. पोहायला जा."

"मी पोहायला शिकवते."

"मग खाणं आवरा."

बाहेर तो थांबलेला होता. "तुमची कधी आहे सोनोग्राफी?"

"मला फक्त कमी खायला सांगितलंय. मागच्या वर्षीही हेच."

हल्ली घरी ताईसुद्धा तिच्या ताटाकडे बघायची. दुखणं ही आपलीच चूक, असं आता तिला स्वतःलाही वाटायला लागलं होतं. हे मात्र ती बोलली नाही.

तो उठला. "मी बोलतो आत."

"नको. तुम्ही सोबत या... पण बोलेन मी."

आत जाऊन ती म्हणाली, "डॉक्टर, यांचं आणि माझं दुखणं एकच. यांचं पोट तपासलंत, माझं नाही. का?"

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने तिच्याकडे बोट दाखवलं. अखेर डॉक्टर म्हणाले, "झोपा तिथे." बरगडीखाली दाबताच ती किंचाळली.

त्याच्या पोटात निघाला निव्वळ गॅस. तिच्या पित्ताशयात खडे खच्चून भरलेले. सर्जन म्हणाले, अजून थांबला असतात तर जिवावर बेतलं असतं.

ऑपरेशननंतर तो भेटायला आला.

"हे कोण गं?" ताईने विचारलं.

"ज्यांच्या पोटात काही निघालं नाही, ते."

ताईला एकदम चहा आठवला. ती गेली.

तो खिडकीशी चुळबुळत राहिला. "तुम्ही त्या दिवशी आत बोललात ना... तेव्हा मला तुम्ही फार आवडलात."

"आणि त्याआधी?"

"त्याआधीही आवडला होतात. पण – पोट दुखत होतं."

ती खुदकन हसली, टाके ताणले गेले, डोळ्यांत पाणी आलं.

"हसवू नका हो..."

"मग जाऊ?"

"जाऊ नका."