कणकेचा मोर

२०५८ साली सगळं विसरलेल्यांच्या वॉर्डात सकाळी गोळ्यांआधी टीव्ही लागायचा. औषधच होतं ते. दोन कार्यक्रमांच्या मधे वाहिनी आपलं नाव सांगायला चार सेकंदांचं हलतं चित्र दाखवायची. लहानपणी रोज बघितलेलं ते ओळखचित्र मेंदूत घराच्या वासाशेजारी जाऊन बसतं. माणसं पुसली तरी ते पुसत नाही. शास्त्रज्ञ त्याला ‘बालठसा’ म्हणत. ठसा हलवला की त्याला चिकटलेलं घर जागं होतं.

सगुणाबाई तोडकरांचा मुलगा धैर्यशील मात्र जागा होईना. तीन वर्षं तो सख्ख्या आईला वॉर्डातली आया समजून “मावशी, पाणी द्या” म्हणत होता.

पडद्यावर कोल्हापूरच्या एका बंद पडलेल्या वाहिनीचा मोर पिसारा फुलवत होता.

“मोर माझा,” सगुणाबाई म्हणाल्या. “पण ह्याला धुतलाय कुणी?”

डॉ. नूपुर शिकलगार हसल्या. “संगणकानं साफ केलाय, आजी. शहाण्णव चित्रांपैकी एकात कुणाचा तरी अंगठा आला होता. काढून टाकला.”

“कुणाचा तरी?” सगुणाबाईंनी हात नाचवला. “स्टुडिओच्या दिव्यांखाली वाहिनीवाल्यांची मोराची माती तडकायची. मी घरची कणीक नेली, तेल लावून मळलेली. मोर केसभर हलवायचा, फोटो काढायचा, पुन्हा हलवायचा. मधेच मान लवली, मी अंगठ्यानं सावरली, तेवढ्यात त्या घाईच्या मेल्यानं बटण दाबलं! साठ वर्षं कुठल्या पाटीवर माझं नाव नाही, आणि उरला अंगठा तोही तू पुसलास?”

“आजी, सेकंदाचा चोविसावा भाग. डोळ्याला दिसतसुद्धा नाही.”

“नसेल दिसत. तू ठेव तर खरी.”

दुसऱ्या दिवशी अंगठा परत आला. मोराची मान लवली, सावरली. धैर्यशीलनं वळून सगुणाबाईंच्या हाताकडे बघितलं.

“आई, भूक लागली.”

सगुणाबाईंनी डॉक्टरीणबाईंकडे असं बघितलं, की त्या बिचारीनं चष्माच पुसायला घेतला.

तेवढ्यात शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. “आई, मलापण.” मग खिडकीजवळची बाई. मग पलीकडची. चाळीस खाटा, चाळीस आवाज, आणि सगळ्यांचे डोळे सगुणाबाईंच्या त्या एका अंगठ्यावर.

शिकलगार पांढऱ्या पडल्या. “अख्ख्या पिढीच्या डोक्यात आईच्या जागी हा अंगठा... आजी, मग धैर्यशीलनं तुम्हाला ओळखलं, की मोराला?”

सगुणाबाईंनी पदर खोचला. “चाळीस आहेत ना? मग परात मोठी आण.”

जाता जाता त्यांनी धैर्यशीलसमोर तोंड नेलं. तो त्यांच्या अंगठ्याकडेच बघत होता.

बघू दे. अंगठाही त्यांचाच होता.