मॅडम भुंकली ती रात्र

मोबाईल जरा उलटे ठेवा रे. तुमची तोंडं अशी खालून उजळलेली दिसली की मला पुढचं सुचत नाही. आणि ऐकीव म्हणून सोडून देऊ नका, हे माझ्या सख्ख्या मेव्हण्याच्या घरी घडलंय.

मेव्हणा वेल्डर. बर्फाच्या कारखान्याच्या फाटकाची बिजागरी तुटली म्हणून तो एका सकाळी तिथे गेला. फाटकाशी एक कुत्री बांधलेली, आणि वॉचमन तिच्याच साखळीच्या उरलेल्या टोकाने तिला बडवत होता. का, तर म्हणे, "भुंकत नाही हरामखोर." वेल्डरने बिजागरी जोडली, आणि वॉचमन चहाला गेल्याबरोबर साखळी कापून कुत्रीला स्कूटरवर घालून घरी आणलं. साखळीही आणली. लोखंड टाकायचं त्याच्या जिवावर येतं. त्याच साखळीने तो आपलं फाटक बांधायला लागला.

माझी बहीण म्हणाली, "अहो, ती ओळखते ही साखळी. फेका ना."

"चांगलं लोखंड आहे गं," हा म्हणाला.

कुत्रीचं नाव मॅडम पडलं, कारण खुर्चीशिवाय बसायची नाही. पाहुणा आवडला की त्याने जाऊ नये म्हणून एक चप्पल लपवायची. माझ्या दोन गेल्या. रात्री वेल्डरच्या काळ्या तळहातात तोंड खुपसून झोपायची. मूलबाळ नव्हतं, त्या दोघांचा सगळा जीव तिच्यात. फक्त साखळी वाजली की ती जागच्या जागी मुतायची. भुंकली मात्र कधीच नाही.

वॉचमनला पत्ता लागला. पिऊन दारात आला, म्हणाला, "कुत्री माझी आहे. नेल्याशिवाय राहणार नाही." वेल्डरने ते कानाआड केलं. आठवड्यात वॉचमन मेला. माणुसकी म्हणून वेल्डर स्मशानात गेला, जाळ विझेपर्यंत थांबला. चार महिने शांततेत गेले.

गेल्या वर्षी, ऑगस्टचा तिसरा शुक्रवार. रात्री दोनला दहा कमी.

साखळी वाजली.

वाऱ्याने वाजते तशी नाही. एक कडी... मग दुसरी... कोणीतरी सावकाश सोडत होतं. मॅडम खुर्चीवरून उतरली आणि पोटावर सरपटत दाराकडे निघाली. वेल्डरने तिला मागे ओढलं, सळई उचलली, दार उघडलं. अंगणात कोणी नव्हतं. फाटक सताड उघडं. साखळी जागेवर नव्हती.

पहिला फटका तोंडावर बसला. दोन दात गेले. दुसऱ्याने गुडघा फुटला. त्याने सळई फिरवली... नुसत्या हवेत. तो कोसळला. साखळी गळ्याभोवती आवळली. बहीण दारातून बघत होती. नवरा फरफटत फाटकाकडे चाललेला. ओढणारा...

कोणीच नाही.

"नेऊ द्या तिला," बहीण म्हणाली. "सोडा, नेऊ द्या." हे सांगताना ती अजून मान खाली घालते.

वेल्डरच्या तोंडातून रक्त येत होतं. त्याने मान हलवली. नाही.

तेव्हा मॅडम भुंकली. एकदाच. आणि झेपावली. हवेत काहीतरी तिच्या जबड्यात आलं, कारण ती तिथेच लटकली... चारही पाय जमिनीच्या वर. हाड मोडलं. तिला भिंतीवर आपटलं. पुन्हा आपटलं. तिने सोडलं नाही. तिसऱ्यांदा...

मग सगळं गप्प झालं. साखळी सैल पडली.

मॅडमच्या तीन बरगड्या गेल्या, पण वाचली. जबडा मात्र उघडेना. सकाळी जनावरांच्या डॉक्टरने हळूहळू तो उघडला. आत माणसाचा अंगठा होता, नखासकट. रक्ताचा थेंब नाही. डॉक्टरने चिमट्यात धरून दाबला, तशी टेबलावर राख सांडली.

बहीण ती पुसायला गेली आणि तिचा हात भाजला.