शहरापुरती गाडी

शोरूमच्या माणसानं तिला सांगितलं होतं, "चालवून बघायची गाडी दारातच आहे मॅडम, बसा, आमचा माणूस येतोच." ती जाऊन स्टिअरिंगमागे बसली, तर शेजारच्या सीटवर एक तरुण आधीच बसलेला. पांढरा शर्ट, नीट विंचरलेले केस. हाच तो माणूस, तिनं ठरवून टाकलं आणि पट्टा लावला.

"निघूया?"

"निघा की," तो म्हणाला.

बाहेर बारीक भुरभुर लागली होती. काचेवरचं पाणी वायपरनं अलगद बाजूला सारलं आणि लाल गाडी रस्त्याला लागली.

"ही डिझेलच ना?"

"मी तुम्हाला तेच विचारणार होतो..."

तिनं वळून बघितलं. "तुम्ही शोरूमचे ना?"

"मला वाटलं, तुम्ही शोरूमच्या."

मग मात्र तिला हसू आवरेना. गाडी कडेला घ्यावी लागली. आरशात शोरूमचा खरा माणूस छत्री सावरत धावत येताना दिसत होता.

"उतरायचं असेल तर उतरा," ती म्हणाली.

"छे. भर दुपारी एखादीनं पळवून नेलं असं कुणाला सांगायला मिळतं? फक्त त्या बिचाऱ्याला मागे बसवून घ्या."

त्या चकरेत दोघांना एकमेकांची बरीचशी माहिती झाली. ती फिजिओथेरपिस्ट. लोकांच्या घरी जाऊन कुणाचा गुडघा, कुणाचा खांदा पुन्हा चालता करायचा, हे तिचं काम. तिला डिझेल हवी होती, कारण तिच्या बाबांना हवी होती. बाबांनी उभी हयात बस चालवली. पेट्रोलची गाडी त्यांच्या लेखी खेळणं. तो पुलांची तपासणी करणारा इंजिनियर. दूरदूरचे पूल, आठवडेच्या आठवडे बाहेर. दिवसभर हातोड्यांचा आवाज ऐकून त्याला निदान गाडी तरी शांत हवी होती, म्हणून पेट्रोल.

"दिवसभर फिरता म्हणजे किती फिरता?" त्यानं विचारलं.

"या गल्लीतून त्या गल्लीत. गाडी दहा मिनिटं, गुडघा तासभर."

"मग डिझेल कशाला? इंजिन गरम व्हायच्या आत तुम्ही ते बंद करणार. रोज असं झालं की आत काजळी धरते. डिझेलला लांब पळायला मिळालं पाहिजे."

"आणि लांब पळणारे तुम्ही पेट्रोल घेणार? निम्मा पगार पंपावर देणार?"

त्यानं कपाळाला हात लावला. मग म्हणाला, "म्हणजे आपण एकमेकांची गाडी घ्यायला आलोय तर."

"असं दिसतंय खरं," ती म्हणाली, आणि तिचे कान उगाचच गरम झाले.

त्या संध्याकाळी तिनं बाबांसमोर विषय काढला. बाबांनी चष्मा काढून ठेवला. ही वादाची तयारी असते, हे तिला ठाऊक होतं.

"डिझेलवर हे घर चाललं, पोरी."

"चाललं ना. तुमची बस थांब्यावर थांबायची, ती पुढच्या गावाला जाण्यासाठी. माझी गाडी थांबण्यासाठीच निघणार आहे, बाबा."

बाबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. पेट्रोलची गाडी घरी आली तेव्हा त्यांनीच बॉनेट उघडलं, वाकून कान दिला आणि म्हणाले, "खोकत नाही हो... चांगली आहे." आणि हे तुला सुचवलं कुणी, असं विचारलं. तिनं सांगितलं. जरा जास्तच सविस्तर सांगितलं. बाबा मिशीतल्या मिशीत हसले.

तो मात्र गाडी घ्यायचं लांबवत राहिला. "अजून ठरत नाही" म्हणत प्रत्येक दौऱ्याहून आला की तिला भेटायचा. इंजिनावरून सुरू झालेलं बोलणं लहानपणावर, भीतीवर, आवडत्या रस्त्यांवर जायचं. तो गेला की तिला शहर मोठं वाटायचं, आणि आला की अगदी बेताचं.

एका संध्याकाळी तो तिच्या शेवटच्या पेशंटच्या घराच्या पायऱ्यांवर वाट बघत उभा होता.

"ठरलं माझं," तो म्हणाला. "पेट्रोल घेतोय."

"का?"

"शहरातल्या शहरात फिरायला. ऑफिसात टेबलाचं काम मागून घेतलंय. उद्या होकार कळवायचा. आता लांब जायचं नाही मला." तो थांबला. "कारण... तुम्ही इथं असता."

तिला ऐकून फार बरं वाटलं. पण पुलांबद्दल बोलताना त्याचा चेहरा कसा उजळतो, हे तिनं पाहिलं होतं. टेबलामागे बसलेला तो तिला डोळ्यांसमोर आणता येईना.

"टेबलाला नाही म्हणून कळव," ती म्हणाली. "आणि डिझेल घे."

त्याचा चेहरा पडला. "म्हणजे... नको आहे का तुम्हाला..."

"वेड्या, नीट ऐक. मला पूल बघायला जाणारा माणूस आवडलाय. त्याला बसवून ठेवून मी काय करू? लांब जा. फक्त परत येशील तेव्हा माझ्याकडे ये."

"आणि शहरात कसं फिरायचं?"

"शहरात फिरायला माझी आहे की. एका घराला दोन्ही लागतातच."

बोलून गेली आणि मग तिला उमगलं, आपण काय बोललो. पण शब्द मागे घ्यावेसे तिला वाटले नाहीत.

तो पायरीवरून एक पाऊल पुढे आला. "तुम्ही आत्ता मला अरेतुरे केलंत."

"केलं. तूही कर. आता किती दिवस अहो-जाहो करणार आहेस?"

"मग चल," तो हळूच म्हणाला, तिचा हात हातात घेत. "तुझ्या बाबांना विचारू, डिझेल कुठली घ्यावी ते."

बाबांनी त्या रात्री त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही. इंजिनांवर बोलता बोलता ते एकदाच थांबले, मुलीकडे पाहिलं, आणि हा जावई म्हणून कसा, हे तिला वेगळं विचारायची गरज त्यांना वाटली नाही.