रिकाम्या डिस्कवर चालू झालेला लॅपटॉप

ज्या वर्षी माझ्या धाकट्या लेकीचं ठरलेलं लग्न मोडलं, त्या वर्षीची ही गोष्ट. म्हणून साल पक्कं लक्षात आहे.

घडली ती माझ्या मावसबहिणीच्या घरात. तिला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. मला सांगितली ती तिच्या सख्ख्या धाकट्या भावाने. तो स्वतः तिथे होता. खोटं बोलणारा माणूस नाही तो. थापा मारतो, पण त्या गिऱ्हाइकाला. 'उद्या नक्की देतो' एवढीच त्याची थाप.

आणि अंधारातली वगैरे नाही ही गोष्ट. भर दुपारची आहे.

या भावाला लहानपणापासून पान्या म्हणतात. हातात कायम पाना असायचा आणि घरातलं चालू घड्याळ तो बंद करून ठेवायचा. मोठेपणी त्याने कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. एका जिन्याखाली, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला बाहेर थांबावं लागेल, असं.

अक्काचे यजमान, म्हणजे पान्याचे दाजी, लोखंडी जिन्यांचे आराखडे काढून द्यायचे. घरी बसून, लॅपटॉपवर. त्या वर्षी मार्चमध्ये ते गेले. टेबलावर डोकं टेकवलं, ते उचललंच नाही.

मागे राहिली अक्का. मूलबाळ नाही. आणि तो लॅपटॉप.

त्या लॅपटॉपमध्ये दाजींचा आवाज होता.

फार नाही. कधीतरी माइक चालतो का ते बघायला दाजींनी थोडंसं बोलून ठेवलं होतं. "ऐकू येतंय का? हॅलो... अगं, तो पंखा बंद कर ना जरा."

बस, एवढंच.

अक्का रोज दुपारी ते लावायची. आणि 'पंखा बंद कर ना' आलं, की उठून खरंच पंखा बंद करायची. मग उकाड्यात तशीच बसून राहायची.

जूनमध्ये तिने पान्याला फोन केला.

"लॅपटॉप आतून टकटक करतोय रे. कोणीतरी नखाने दार वाजवावं तसं."

पान्या ओळखून चुकला. जुनी डिस्क. तिच्यात तबकडी फिरते, आणि मरायला टेकली की ती असाच आवाज करते.

"दुकानात घेऊन ये, अक्का."

"घरातून हलणार नाही तो. तूच ये."

पान्या गेला. आधी तो आवाज पेनड्राइव्हवर घ्यायला बघितला, तर तिथेच येऊन सगळं अडकत होतं. वाजत होता, पण उतरत नव्हता.

"मग वाजवून फोनवर घेऊ?"

"घेऊन बघितलाय. फोनमध्ये ते नाकात बोलतात. सर्दी झालेला माणूस मला नको. आहेत तसे हवेत."

पान्याने पिशवीतून नवी डिस्क काढली. एसएसडी. च्युइंगमच्या पट्टीएवढी.

"ही बघ. हिच्यात फिरणारं काही नसतं. म्हणून झिजत नाही, आवाज करत नाही. जुनीतलं सगळं जसंच्या तसं हिच्यात उतरवतो. मग लॅपटॉप हिच्यावरून चालू होईल."

"आवाज गेला तर?"

"नाही जाणार."

"पान्या, माझ्याकडे दुसरं काही नाही रे."

"अक्का, आजवर शेकड्यांनी केल्यात. तू चहा टाक."

आता इथे काय झालं ते नीट सांगतो.

दुकानात पान्याची एक पद्धत होती. जुनी डिस्क वर, नवी खाली. स्क्रीनवरही त्याच क्रमाने दिसायच्या. वरून खाली उतरवायचं, संपलं. डोळे मिटून केलं तरी चुकणार नाही, इतकी हाताला सवय.

पण ह्या लॅपटॉपमध्ये नव्या डिस्कची जागा वेगळी होती. स्क्रीनवर नवी वर आली आणि जुनी खाली. साठवण दोन्हींची सारखीच. अक्का शेजारी बसून दाजींचं काहीबाही सांगत होती, डोळे पुसत होती. पान्या मान डोलवत होता...

आणि त्याने वरून खाली उतरवलं.

रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा काम पुरं झालं. पान्याने लॅपटॉप बंद करून चालू केला. काळी स्क्रीन. वर एक ओळ. चालू होण्यासारखं काहीही सापडलं नाही.

त्याने डिस्कांची नावं पुन्हा वाचली.

नवी वर होती. जुनी खाली.

टकटक थांबली होती. घरात कसलाच आवाज नव्हता. स्वयंपाकघरात अक्का कप विसळत होती तेवढाच.

त्याने जुनी डिस्क काढून खिशात टाकली. पुसलेलं परत काढून देणारी माणसं असतात, त्यांच्याकडे न्यायचं ठरवलं. अक्काला काय सांगायचं ते सुचेना. तोंडावर पाणी मारायला म्हणून तो मोरीत गेला.

नळ सोडला...

आणि बाहेरून दाजींचा आवाज आला.

"ऐकू येतंय का? हॅलो... अगं, तो पंखा बंद कर ना जरा."

पान्या तसाच ओल्या तोंडाने बाहेर आला.

अक्का टेबलापाशी उभी. लॅपटॉप चालू. दाजींचा नेहमीचा स्क्रीन, जिन्याचा फोटो लावलेला. ती हसत होती.

"केलंस की रे! किती स्वच्छ ऐकू येतात. मी नुसतं बटण दाबलं."

पान्याने खिशात हात घातला. जुनी डिस्क खिशातच होती.

आत फक्त नवी होती. जिच्यावर त्याने काहीच उतरवलं नव्हतं.

आणि लॅपटॉपच्या आतून बारीक आवाज येत होता. काहीतरी फिरत असल्यासारखा...

अक्काने जाऊन पंखा बंद केला.

पान्याने आपलं सामान पिशवीत भरलं. माणूस आहे. आपली चूक झाकली गेली, तर कोण खोदत बसतो? आपल्याच नजरेची गफलत झाली असेल, उतरवलं ते बरोबरच उतरलं असेल, असं मनाला समजावून तो घरी गेला.

दोन-चार दिवसांनी अक्काचा फोन.

"पान्या, अरे ह्यात आणखी सापडलं! त्यांचं पुष्कळ बोलणं आहे ह्यात. मला कधी कळलंच नव्हतं."

आवाजात इतका आनंद होता, की पान्याला हुडहुडी भरली.

तो गेला तर घराचं दार सताड उघडं. गॅसवर दूध जळून भांडं काळं पडलेलं. अक्का टेबलापाशी.

"अक्का, दूध!"

"कसलं दूध? मी कुठे ठेवलं?"

"मग मी ठेवलं का?"

"चिडतोस काय असा? ऐक, हे ऐक."

तिने लावलं. दाजी बोलत होते. कुठल्याशा प्रवासात गाडी चुकली म्हणून अक्कावर करवादत होते. अक्काही उलटून बोलत होती. पान्याने ऐकलं आणि त्याच्या लक्षात आलं... दाजींचा आवाज तरुण होता.

लॅपटॉप घराघरांत यायच्या कितीतरी आधीचा.

आणि अक्काचा आवाज तर विचित्रच. घुमणारा. आपण कानात बोटं घालून बोललो, की आपलाच आवाज कसा डोक्याच्या आतून येतो... तसा.

"अक्का, कुठल्या प्रवासातलं हे?"

"काय माहीत. मला नाही आठवत. पण छान बोलतात ना?"

पान्याने तिला चहा करायला पाठवलं आणि लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये शिरला. कोणत्या डिस्कवरून चालू व्हायचं, त्याचा क्रम तिथे लावलेला असतो. त्याने क्रम बघितला.

नवी डिस्क दुसऱ्या नंबरवर होती.

पहिल्या नंबरवर काहीच लिहिलेलं नव्हतं. नुसती कोरी ओळ.

पण ती निवडता येत होती.

त्याने ती ओळ खाली ढकलली. लॅपटॉप बंद करून चालू केला. ती परत वर.

मग पेनड्राइव्हवरून चालू करून नवी डिस्क तपासली. कोरी. पाकिटातून काढली तशी कोरी. पेनड्राइव्ह काढून बटण दाबलं... जिन्याचा फोटो आला.

"चहात साखर किती घालू?" आतून अक्काने विचारलं.

पान्याला साखर चालत नाही. हे तिला त्याच्या बायकोच्याही आधी माहीत होतं.

ती कप घेऊन आली आणि बसताबसता तिने पुढचं लावलं.

"हे कालपासून आलंय. ह्यात ते रडतायत बघ. ते कधी रडले असतील असं मला वाटलंच नव्हतं."

दवाखान्याचा आवाज होता. दूर कुठेतरी लोखंडी पलंग सरकवल्याचा. जवळच कुणाचातरी धापा टाकल्यासारखा श्वास. मग दाजी, अगदी हळू...

"नाव ठेवून टाकू या तिचं. तशीच नको पाठवायला. मी एक ठरवलंय... सांगू?"

पान्याला कळलं.

अक्काला एक मुलगी झाली होती. जन्मली ती गेलेलीच. तेव्हा पान्या त्या खोलीच्या बाहेर बाकावर बसून होता. आत दोघंच होते, नवरा-बायको. तिचं काय नाव ठेवलं ते दोघांनी कुणाला कधी सांगितलं नाही. पण दरवर्षी त्या दिवशी अक्का दार लावून बसायची, आणि आम्ही कुणी तिच्याकडे जायचो नाही.

दाजी नाव सांगणार, इतक्यात पान्याने लॅपटॉप खाडकन मिटला.

"अरे! काय करतोस?"

"अक्का... हे बाळाच्या वेळचं आहे."

"कुणाच्या बाळाच्या?"

"तुझ्या."

अक्का त्याच्याकडे बघत राहिली. मग हसली. अगदी मोकळं.

"वेडा झालास का? मला कुठे बाळ झालं रे?"

पान्या म्हणतो, तो सगळं सहन करेल, पण ते हसू नाही.

डिस्क कोरी होती. लॅपटॉप चालत होता. कशावरून चालत होता, ते आता त्याच्यासमोर बसून चहा पीत होतं.

त्याने विनवण्या केल्या. "अक्का, हे बंद कर. तुझ्यातलं जातंय ह्यात. एकेक करून जातंय."

"जाऊ दे की. माझ्यात राहून काय करायचंय? तिथे निदान ऐकू तरी येतं."

"मला विसरशील!"

"तुला? एवढं नशीब कुठलं माझं," ती म्हणाली. आणि तिने झाकण उघडलं.

पान्या रात्रभर जागा होता. ठेवावं तर उरलंसुरलंही जाणार. काढावं तर गेलेलं परत येईल का, कुणास ठाऊक. पण तिला असं बसून संपताना बघणं त्याच्याने होईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. लॅपटॉप रीतसर बंद केला, पालथा घातला, स्क्रू काढायला लागला. अक्का पलंगावर बसून बघत होती.

"काय करतोस रे?"

"साफ करतोय, अक्का. धूळ झालीय."

"लहानपणापासून हेच. चालतं ते बंद पाडायचं."

पान्यालाही हसू आलं. ती आपल्याला ओळखतेय, आपलं लहानपण तिला आठवतंय, म्हणजे वेळ गेलेली नाही, असं त्याला वाटलं.

त्याने मागचं झाकण उचललं. ती पट्टीएवढी डिस्क चिमटीत धरली. ती गरम होती... तापातल्या माणसाच्या कपाळासारखी.

त्याने ती ओढून काढली.

मागे अक्का काहीतरी बोलत होती. वाक्य मध्येच थांबलं.

पान्या वळला.

अक्का पलंगावर नीट सावरून बसली होती. पदर सारखा केला होता. परक्या माणसासमोर करतात तसा.

"बसा ना," ती म्हणाली. "आपण कुणाकडे आलात?"

पान्याने डिस्क परत बसवली. बटण दाबलं. काळी स्क्रीन. पुन्हा दाबलं. क्रम बघितला. वरची कोरी ओळ आता नव्हती. रात्र पडेपर्यंत तो दाबत होता, आणि प्रत्येक वेळी एकच उत्तर येत होतं. चालू होण्यासारखं काहीही सापडलं नाही.

अक्का मधूनमधून विचारत होती, "तुम्हाला पाणी देऊ का?"

डॉक्टरांनी सांगितलं, नवरा गेल्याचा धक्का. या वयात होतं असं. असेल. मी डॉक्टर नाही.

पान्याने तिला स्वतःच्या घरी नेलं. तिने त्रास असा कुणालाच दिला नाही. पाहुणी म्हणून राहिली, सगळ्यांना अहो-जाहो करत.

लॅपटॉप आता माझ्या कपाटात आहे. पान्यानेच आणून दिला. स्वतःजवळ ठेवला तर कधीतरी बटण दाबेन, अशी त्याला भीती वाटते. मी दाबलेलं नाही. माझंही आता बरंच काही डोक्यातच आहे, दुसरीकडे कुठे नाही.

फोडून टाकावा असं खूपदा मनात आलं. हातोडीही काढली होती एकदा. पण त्या मुलीचं नाव माहीत असलेली दोन्ही माणसं गेली, आणि ते नाव आता असलंच कुठे, तर ह्याच्यातच आहे. हातोडी परत ठेवून दिली.

दाजी त्या वर्षी मार्चमध्ये गेले. अक्का त्याच वर्षी, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी गेली. पान्याच्या मांडीवर डोकं होतं. तो कोण, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.