नैवेद्याची कढई

महादेवप्पांच्या दारासमोर फटफटी येऊन थांबली, ती नेमकी त्यांची लेक शांतम्मा ओट्यावर ज्वारी निवडत असताना. अक्कलकोटच्या वाटेवरचा चिखल खाऊन साखळी गंजली होती, कड्या आखडल्या होत्या आणि आता ती उतरून लोंबत होती. फटफटीवाला सिद्धाराम पेठेतल्या एका चादरवाल्याकडं कामाला होता. जरा घुटमळत तो म्हणाला, "थोडं घासलेट मिळंल का? आन्... एखादी जुनी कढई?"

जुनी कढई चुलीमागं होतीच. पण माणूस दिसायला बरा होता, आणि शांतम्माचा हात गेला तो फळीवरच्या लखलखीत कढईकडं — सोमवारच्या नैवेद्याच्या! असं का केलं, ते तिलाच विचारा.

त्यानं घासलेटात ब्रश बुडवून कडी न् कडी घासली, फडक्यानं कोरडी केली. मग अंगणात तीन दगड मांडून विस्तव केला आणि आपल्याजवळच्या डब्यातला काळसर गोळा कढईत टाकला.

"वरनं नुसतं तेल लावून भागत न्हाय. हे पातळ झालं की साखळी आत सोडायची. आतवर मुरलं म्हंजे पानी शिरत न्हाय, गंज धरत न्हाय."

"सगळ्यांना असंच समजावून सांगता व्हय?"

"न्हाय... ऐकनारं कोन असलं तरच."

गोळा वितळला आणि वास सुटला. खाटकाच्या बोळातून शाळेला गेलेल्या शांतम्मानं तो लगेच ओळखला. चरबी! गळ्यात लिंग बांधणाऱ्यांच्या घरात, नैवेद्याच्या कढईत! डबा गिरणीतल्या मिस्त्रीनं दिलेला; आत काय आहे याचा सिद्धारामला पत्ताच नव्हता. तिचा एक शब्द पुरे होता. पण तो शब्द कानी पडला असता तर सिद्धाराम कढई पालथी करून, माफी मागून निघून गेला असता...

"मग? पुढं काय?" तिनं विचारलं.

साखळी निथळेपर्यंत दोघं बोलत बसले. तो गेल्यावर मात्र तिला स्वतःचीच शिसारी आली. राख झाली, चिंच झाली, वास काही जाईना. शेवटी तिनं कढई परसातल्या पडक्या आडात सोडून दिली.

तिच्या अव्वानं, म्हणजे आईनं, शिवबाईंनी, भांडी घासणाऱ्या गुरम्मावर कढई चोरल्याचा आळ घेतला. "उद्यापास्नं येऊ नगंस!" शांतम्मा तिथंच उभी होती, मूग गिळून. गल्लीत गुरम्मा चोर ठरली. इकडं शांतम्माला आरशात बघायचीसुद्धा लाज वाटू लागली.

पुढच्या सोमवारी गुरम्मा दाराशी काकुळतीला आलेली असतानाच फटफटी येऊन थांबली.

"साखळी कशी लोण्यावानी फिरतीया," सिद्धाराम हसत म्हणाला. "तुमच्या कढईचे उपकार!"

"कसली कढई?" शिवबाई कडाडल्या.

त्यानं भाबडेपणानं सगळं सांगितलं, डबाही पुढं केला. शिवबाईंनी पदर नाकाला लावला. "शिव शिव! चरबी हाय ही!"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. हात सदऱ्याखाली गळ्यात बांधलेल्या लिंगाकडं गेला. "आई, शपथ, मला ठाऊक नव्हतं. चूक माझी. यांना बिचाऱ्यांना काय म्हाईत?"

सुटायला वाट मिळाली होती. शांतम्मानं गुरम्माकडं पाहिलं, आणि तिला ती वाट धरवेना.

"मला म्हाईत हुतं, अव्वा. वासावरनं कळलं हुतं. कढई मीच आडात टाकली."

"मग तवा बोलली का न्हाईस?"

तिचे कान तापले. "बोलले असते तर... हे लगीच गेले असते."

सिद्धाराम कारण नसताना फटफटीचा दिवा पुसू लागला.

शांतम्मा गुरम्माच्या पाया पडायला वाकली. गुरम्मानं पाय मागं घेतले. "पाया नगं पडूस. गल्ली मला चोर म्हनती. आता दारोदार जाऊन तूच सांग, काय झालं ते."

शांतम्मानं पदर सावरला आणि खाली मान घालून निघाली. मागून पावलं वाजली.

"मी बी येतो. चरबी माझीच हुती की."

शिवबाई "अगं... अगं" करत राहिल्या.

पहिल्याच दारात शेजारच्या रंभाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि हनुवटीला बोट लावलं. "आन् कळलं हुतं तर गप का बसलीस गं?"

शांतम्मानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मान काही वर होईना. तेवढ्यात शेजारून सिद्धारामचा हळूच आवाज आला —

"सांगा की... मला बी पुन्यांदा ऐकायचंय."